सायकलचा पत्ता

१९९६ साली, अकरावीत असताना, माझी सायकल चोरीला गेली. पोलिसांनी फ्रेमवरचा क्रमांक विचारला. तो मी कुठेच लिहून ठेवला नव्हता! सायकल अर्थातच सापडली नाही. आता सायकलला लावायचे छोटे जीपीएस यंत्र मिळते. त्याबद्दल बोलताना मुले हमखास विचारतात, "सर, उपग्रहाला वरून सायकल दिसते का?"

दिसत नाही. उपग्रहाला आपल्या सायकलीची गंधवार्ताही नसते. ऐकण्याचे आणि गणिताचे सारे काम सायकलवरचे यंत्र करते. ही कल्पना कशी सुचली, ते पाहण्यासारखे आहे.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोन तरुण शास्त्रज्ञ त्याचे संदेश ऐकत बसले. उपग्रह जवळ येताना संदेशाची कंप्रता किंचित वाढलेली असे, दूर जाताना घटलेली. फलाटावर उभे असताना धडधडत जाणाऱ्या गाडीच्या शिट्टीचा स्वर बदलतो, तोच हा डॉप्लर परिणाम. एवढ्या बदलावरून त्यांनी उपग्रहाची कक्षा काढली. १९५८ साली त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्लुअर यांनी प्रश्न उलटा केला: कक्षा ठाऊक असेल, तर ऐकणाऱ्याचा ठावठिकाणा काढता येईल का? त्यातून अमेरिकी पाणबुड्यांसाठी 'ट्रान्झिट' यंत्रणा उभी राहिली.

जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ साली सुटला. यात कंप्रतेपेक्षा वेळेला महत्त्व. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह आपल्या अणुघड्याळातली वेळ सतत सांगत राहतात, आणि संदेश पोचायला किती वेळ लागला यावरून अंतर कळते. एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ३०० मीटरची चूक! यंत्रातले घड्याळ साधे असल्याने तिघांऐवजी चार उपग्रह ऐकावे लागतात. चौथ्यामुळे घड्याळाची चूकही गणितातच सुटते.

१ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियन प्रवासी विमान पाडले गेले, २६९ माणसे मेली. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ही यंत्रणा नागरी वापरासाठी विनामूल्य देण्याचे जाहीर केले. मात्र पुढे नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळली जाऊ लागली. स्थान सुमारे १०० मीटरपर्यंत चुके. म्हणजे १९९६ साली माझ्या सायकलला असे यंत्र असते, तरी ती कोणत्या गल्लीत आहे हेदेखील खात्रीने कळले नसते. २ मे २००० रोजी ही भेसळ थांबली आणि चूक १०-२० मीटरांवर आली.

तरीही एक अडचण उरतेच. पत्ता शोधला यंत्राने, पण मालकाला सांगणार कोण? उपग्रह काही ऐकून घेत नाही. त्यासाठी यंत्रात सिमकार्ड असते आणि ते मोबाइलच्या मनोऱ्यामार्फत पत्ता कळवते. विजेरी संपते ती बहुतांशी या दोन कामांत, म्हणून अनेक यंत्रे सायकल हलल्याशिवाय जागीच होत नाहीत.

आणि यंत्र लपवायचे कुठे? चोराच्या दृष्टीने फ्रेमची नळी उत्तम, पण धातूच्या बंद नळीत रेडिओलहरी शिरत नाहीत. म्हणून ते सीटखाली किंवा प्लास्टिकच्या मागच्या दिव्यात बसवतात, म्हणजे चोराचा हात सहज पोचेल अशाच जागी. फ्रेमवरचा क्रमांक लिहून ठेवायला मात्र उपग्रह लागत नाही. माझ्या आताच्या सायकलीचा तो दोन वह्यांत लिहिलेला आहे.