एका स्तनाचा कॅन्सर बरा झाला, मग दुसरा स्तन काढायचा का?

मे २०१३ मध्ये हॉलिवूड अभिनेत्री अँजेलिना जोलीनं कॅन्सर झालेला नसतानाच दोन्ही स्तन काढून घेतल्याचं जाहीर केलं. तिच्यात बीआरसीए १ या जनुकाचा दोष सापडला होता. पण ज्या बाईला एका बाजूचा कॅन्सर होऊन गेलाय आणि तपासणीत असाच दोष निघालाय, तिनं काय करायचं?

हा दोष असतो काय?

बीआरसीए १ आणि बीआरसीए २ ही जनुकं पेशीतल्या डीएनएची मोडतोड दुरुस्त करतात. त्यात जन्मतः बिघाड असेल तर कॅन्सरचा धोका वाढतो. स्तनाच्या १०० कॅन्सरपैकी साधारण ५ ते १० आनुवंशिक असतात, म्हणजे बहुतेक नसतात. दोष आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येतो. प्रत्येक मुला-मुलीत तो उतरण्याची शक्यता ५० टक्के.

दुसऱ्या बाजूचा धोका किती?

दुसऱ्या स्तनात नंतर होणारा कॅन्सर बहुतेक वेळा नवाच असतो, पहिला पसरलेला नसतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, जवळपास १० हजार महिलांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार पहिल्या कॅन्सरनंतर २० वर्षांत दुसऱ्या बाजूला कॅन्सर होण्याचं प्रमाण असं:

- बीआरसीए १ चा दोष: १०० पैकी सुमारे ४० जणी
- बीआरसीए २ चा दोष: १०० पैकी सुमारे २६ जणी

म्हणजे धोका मोठा आहे, पण अटळ नाही. पहिला कॅन्सर कमी वयात झाला असेल तर धोका जास्त.

ऑपरेशननं काय होतं, काय होत नाही?

निरोगी स्तन काढल्यावर तिथला कॅन्सरचा धोका ९० टक्के किंवा त्याहून जास्त घटतो. पूर्ण शून्य होत नाही, कारण थोड्या पेशी मागे राहतातच. आणि पहिला कॅन्सर शरीरात इतरत्र परतण्याचा धोका या ऑपरेशननं कमी होत नाही. म्हणून पहिला आजार किती पुढे गेला होता, हे डॉक्टर आधी बघतात.

त्या जागेची संवेदना जाते, त्या बाजूनं बाळाला पाजता येत नाही. हा निर्णय घाईचा नाही. आधीचे उपचार संपवून, विचार करून घेता येतो. ऑपरेशन नको असेल तर दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी हा पर्याय आहे. त्यानं कॅन्सर टळत नाही, पण लवकर सापडतो.

अंडाशयाचं विसरू नका

याच दोषामुळे अंडाशयाचा कॅन्सरही होतो आणि तो लवकर पकडणारी भरवशाची तपासणी नाही. त्यामुळे मुलं झाल्यावर अंडाशय आणि नलिका काढण्याचा सल्ला डॉक्टर जास्त ठामपणे देतात. बीआरसीए १ असेल तर साधारण ३५ ते ४० व्या वर्षी, बीआरसीए २ असेल तर ४० ते ४५ व्या वर्षी. यानंतर पाळी कायमची थांबते.

खान्देशातल्या घरानं सुरुवात कुठून करायची?

कागदावर वंशावळ काढा. माहेर चोपड्याचं, सासर शिरपूरचं, आत्या सुरतेत, अशी नाती विखुरलेली असतात आणि आजार लपवलेले. आई-मावशीइतकीच आत्या आणि वडिलांची आईही महत्त्वाची. कमी वयात स्तनाचा कॅन्सर, दोन्ही स्तनांचा कॅन्सर, अंडाशयाचा कॅन्सर किंवा पुरुषाला स्तनाचा कॅन्सर यातलं काही आढळलं तर डॉक्टरांना सांगा.

तपासणी शक्यतो आधी कॅन्सर झालेल्या व्यक्तीची करतात. तिच्यात दोष सापडला की बहिणी, भाऊ, मुलं यांची फक्त त्याच दोषासाठी तपासणी पुरते. नमुना रक्ताचा किंवा लाळेचा असतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्रात आनुवंशिक कॅन्सरसाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. खर्चासाठी महात्मा फुले योजनेत काय बसतं, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

रिपोर्टमध्ये 'अर्थ अनिश्चित' असा बदल आला, तर तेवढ्यावरून स्तन काढू नये. आणि दोष निघालाच, तर तो त्या बाईचा गुन्हा नाही. तिच्या एका रिपोर्टमुळे घरातली पुढची मुलगी वेळेत सावध होऊ शकते.