आधी नियम, मग संख्या

घातांकी फलाचे विकलन शिकवताना पाठ्यपुस्तके बहुधा एकाच वाटेने जातात. आधी २.७१८२८… ही ‘ई’ नावाची संख्या येते, मग तिचा क्ष-घात आणि शेवटी त्या फलाचा विकलज म्हणजे तेच फल, हा निकाल. साहजिकच विद्यार्थ्याला वाटते की किमया त्या विचित्र संख्येची आहे. इतिहासाचा क्रम मात्र उलटा आहे. बदलाचा वेग असलेल्या राशीच्या प्रमाणात राहतो, हा नियम आधी आला. त्याला सोयीची संख्या सव्वाशेहून अधिक वर्षांनी निवडली गेली.

पहिला पुरावा स्कॉटलंडमधला. जॉन नेपियरने १६१४ साली एडिंबरोत लॉगरिदमची कोष्टके छापली. हेतू व्यवहारी होता: खगोलशास्त्रातले लांबलचक गुणाकार बेरजेवर आणायचे. त्याने दिलेली व्याख्या मात्र गतीची आहे. एक बिंदू रेषेवर समान वेगाने चालतो. दुसरा एक कोटी एकक लांबीच्या रेषाखंडावर तेवढ्याच वेगाने निघतो, पण पुढे त्याचा वेग उरलेल्या अंतराच्या प्रमाणात घटत जातो. उरलेले अंतर ही संख्या आणि पहिल्या बिंदूने तोवर कापलेले अंतर हा तिचा लॉगरिदम. या व्याख्येत ना पाया आहे, ना घातांक. आहे ती फक्त वेगाबद्दलची अट, म्हणजे आजच्या भाषेत विकलजाची.

न्यूटन आणि लायब्निझ यांच्या जन्माआधीच वारलेल्या माणसाच्या तोंडी आपण आपले कलनशास्त्र घालतो आहोत, असा आक्षेप यावर घेता येईल. त्यात तथ्य आहे. नेपियरकडे फलाची कल्पना नव्हती आणि विकलनाची रीतही नव्हती. पण गती त्याने उगाच आणलेली नाही. १६२० साली प्रागमध्ये योस्ट ब्युर्गीचे कोष्टक निघाले, ते १.०००१ ने पुन्हा पुन्हा गुणत रचलेले. अशा भूमिती श्रेणीत दोन पदांमध्ये फट राहतेच. प्रत्येक संख्येला लॉगरिदम असायचा, तर मधली जागा सलग भरणारे काहीतरी हवे. नेपियरने ती वेगाच्या अटीने भरली.

पुढे हाच नियम भूमितीच्या वेशात आला. वक्रावरच्या बिंदूतून काढलेली स्पर्शिका अक्षाला जिथे छेदते, तिथपासून त्या बिंदूवरून टाकलेल्या लंबाच्या पायापर्यंतचे अंतर सर्वत्र सारखे असेल, तर तो वक्र कोणता? द बोन याने देकार्तपुढे ठेवलेल्या कोड्याशी जोडलेला हा प्रश्न लायब्निझने १६८४ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधाच्या अखेरीस सोडवला. उंची तिच्या सूक्ष्म वाढीच्या प्रमाणात असते. म्हणून अक्षावरची अंतरे अंकगणिती श्रेणीत घेतली की उंची भूमिती श्रेणीत येतात आणि वक्र लॉगरिदमी ठरतो. ते स्थिर अंतर कितीही असले तरी चालते. विशिष्ट संख्येची गरज इथेही पडली नाही.

मग चक्रवाढ व्याजाचे काय? शंभर टक्के व्याज क्षणोक्षणी मुद्दलात मिळवत गेले, तर वर्षाअखेरीस रक्कम अडीचपटीहून अधिक पण तिपटीहून कमी होते, हे याकोब बर्नुलीने १६९० साली दाखवले. ‘ई’चा उगम इथला, असे अनेकदा सांगितले जाते. पण बर्नुलीने या सीमेला नाव दिले नाही आणि तिचा लॉगरिदमशी संबंधही जोडला नाही. शिवाय क्षणोक्षणी वाढणारे व्याज म्हणजे तरी काय? शिल्लक रकमेच्या प्रमाणातला वाढीचा वेग. म्हणजे हे उदाहरणही नियमाच्याच बाजूने साक्ष देते.

दुवा पक्का केला ऑयलरने. १७४८ च्या ग्रंथात तो कोणताही पाया घेतो आणि त्याचा अतिसूक्ष्म घात म्हणजे १ अधिक त्या घाताची अमुक पट, असे लिहितो. पाया १० असेल तर ही पट सुमारे २.३०२५८ येते, २ असेल तर सुमारे ०.६९३. ही पट १ यावी असा पाया तो शोधतो, आणि तो पाया म्हणजे ‘ई’. म्हणून २ च्या क्ष-घाताचा विकलजही त्याच फलाच्या ०.६९३ पट असतो. नियम सगळ्या पायांना सारखाच लागू आहे. ‘ई’मुळे फक्त गुणक १ होतो.

पाठ्यपुस्तकांचा क्रम तर्काला धरून आहे, हे मान्य. सीमेपासून सुरुवात केली तर सिद्धता आटोपशीर होते. पण ‘ई’ची निवड कशासाठी झाली, हे त्या सिद्धतेतून कळत नाही. २ आणि १० च्या घातांचे विकलज आधी काढायला लावले आणि मग गुणक १ करणारा पाया विचारला, तर विद्यार्थी ती संख्या स्वतःच मागेल.