अशोककुमार हाजिर हो!

मोठा चित्रपट प्रदर्शित व्हायचा असला की निर्माते आधीच उच्च न्यायालय गाठतात. प्रतिवादींमध्ये इंटरनेट कंपन्या असतात आणि बऱ्याचदा एक अशोककुमारही असतो. अभिनेते अशोककुमार, म्हणजे दादामुनी, यांच्याशी त्याचा काही संबंध नाही. असा कुणी इसमच नाही. चित्रपट कोण चोरणार हे ठाऊक नसताना मनाई हुकूम मागायचा, म्हणून कागदावर घातलेलं हे नाव.

त्याचा पूर्वज इंग्लंडातला जॉन डो. गंमत म्हणजे तो वादी होता! जमिनीच्या मालकीचा जुना दावा भलता किचकट. त्यापेक्षा कुळाचा ताब्याचा दावा सोपा. म्हणून मालक कागदावर एक कूळ उभं करत, जॉन डो, आणि त्याला हुसकावणारा तितकाच काल्पनिक रिचर्ड रो. हा रो मग खऱ्या कब्जेदाराला पत्र धाडी: माझ्यावर दावा झालाय, माझा तर जमिनीवर हक्क नाही, तेव्हा तूच हजर हो, नाहीतर तुला बाहेर काढतील. शेवटी, ‘तुझा प्रेमळ मित्र’! १८५२च्या कायद्याने हे सोंग संपलं.

अमेरिकेत हे नाव अनोळखी प्रतिवादीलाही चिकटलं. १९८० साली मिलवॉकीत गायक बिली जोएलच्या कार्यक्रमाबाहेर त्याच्या नावाचे चोरटे टी-शर्ट विकले जाणार होते. कार्यक्रम संपला की विक्रेते पसार, मग नोटीस कुणाला बजावणार? न्यायालयाने निनावी विक्रेत्यांविरुद्धच हुकूम दिला.

आपल्याकडे तो आला फुटबॉलच्या निमित्ताने. २००२च्या विश्वचषकाचे हक्क टेन स्पोर्ट्सकडे होते आणि केबलवाले पैसे न भरता सामने दाखवत होते. दिल्ली उच्च न्यायालयाने आयुक्त नेमून त्यांच्या जागेत शिरायची, पुरावे ताब्यात घ्यायची मुभा दिली.

इथवर ठीक होतं. केबलवाल्याचं दुकान तरी असतं. इंटरनेटवर मात्र हुकूम बजावला जातो तो सेवा पुरवणाऱ्या कंपनीवर, आणि ती चोर नसते. २०११मध्ये ‘सिंघम’साठी असा हुकूम मिळाला, तर कंपन्यांनी फायली ठेवायच्या अख्ख्या साइट्स बंद केल्या. पुढच्या वर्षी तमिळ चित्रपट ‘३’च्या वेळी व्हिमिओ ही व्हिडिओ साइटसुद्धा गेली. चोर सोडून संन्याशाला सुळी! शेवटी मद्रास उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की साइट नव्हे, नेमका पत्ता अडवा.

माझ्या मते या हत्याराला खरी मूठ बसवली ती मुंबईने. २०१६मध्ये ‘ढिशूम’च्या प्रकरणात न्या. गौतम पटेल यांनी सरसकट बंदी नाकारली. एकेक दुवा तपासा, प्रतिज्ञापत्रावर सांगा, मग बघू. अडवलेल्या पानावर ‘पाहणं हाही गुन्हा’ अशा अर्थाची धमकी झळकत असे. नुसतं पाहणं हा गुन्हा नाही, हे त्यांनी स्पष्ट केलं.

चोरांनीही तोड काढली: साइट बंद झाली की एखादं अक्षर बदलून तीच साइट पुन्हा चालू. म्हणून २०१९मध्ये दिल्लीत न्या. मनमोहन यांनी सिंगापूरचा दाखला घेत ‘डायनॅमिक’ हुकूम दिला. नव्या जुळ्या साइटसाठी नवा दावा नको, निबंधकाकडे प्रतिज्ञापत्र दिलं की पुरे. २०२३मध्ये तिथूनच ‘डायनॅमिक प्लस’ आला. त्यात दावा लावणाऱ्या स्टुडिओंचे पुढे तयार होणारे चित्रपटही येतात. म्हणजे अजून जन्माला न आलेला चित्रपट आताच संरक्षित, तोही कधीच जन्माला न आलेल्या अशोककुमारापासून.