तळटीप : ‘थकलेला बाबा’
* हे आपल्याकडचे आदरार्थी ‘बाबा’ नव्हे, आडनाव आहे. शोहेई ऊर्फ जायंट बाबा (१९३८–१९९९) : आधी बेसबॉलचा पिचर, मग मल्ल, १९७२ साली ‘ऑल जपान’ ही कुस्तीसंस्था त्यानेच काढली. टॅग सामन्यात थकलेला गडी जोडीदाराच्या हातावर टाळी देऊन दोरांबाहेर जातो, त्यामुळे वय झाकता येते. तरी नोव्हेंबर १९८९मध्ये सप्पोरोत अशाच एका सामन्यात तेनर्यू या मल्लाने बाबाला चीत केलेच. पुढे तो रशर किमुरा या मल्लाबरोबर सहाजणांच्या विनोदी लढतींत रमला. तो धिप्पाड देह इतका सावकाश हले, की प्रतिस्पर्धीच त्याच्या उचललेल्या पायावर येऊन आपटत. लेखकाला हे केविलवाणे वाटते. प्रेक्षक मात्र खुशीत हसत. शेवटची लढत : ५ डिसेंबर १९९८, निप्पोन बुडोकान, तोक्यो.