तांबडा समुद्र : नाव, रंग आणि विष

महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री रायगड जिल्ह्याचे पाणी बाणकोटपाशी अरबी समुद्रास नेते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक ग्रंथात उल्लेखिलेले मंदगोरा बंदर म्हणजेच बाणकोट, असे काही अभ्यासकांचे मत आहे. त्या ग्रंथाच्या ‘एरिथ्रियन’, म्हणजे तांबड्या, समुद्रात अरबी समुद्रही येतो. ग्रीक ‘एरिथ्रोस’ व संस्कृत ‘रुधिर’ हे शब्द एकाच मुळापासून निघालेले आहेत.

हेच विशेषण पुढे एका सूक्ष्म जीवास मिळाले. १८२३ साली जर्मन निसर्गशास्त्रज्ञ एरेनबर्ग ह्यांनी तांबड्या समुद्राकाठी तोर येथे रक्तवर्ण पाणी पाहिले. त्यातील तंतूंच्या जुड्यांना त्यांनी ‘ट्रायकोडेस्मियम एरिथ्रियम’ असे नाव दिले. ह्यातील पूर्वपदाचा अर्थ केसांची जुडी, तर उत्तरपदाचा तांबडी.

परंतु रंग ही जीवाची खात्रीची ओळख नव्हे. एच. जे. कार्टर ह्यांनी १८५८ साली मुंबई बेटाभोवतीच्या लाल पाण्याविषयी टिपण प्रसिद्ध केले. त्यांना तेथे आढळलेला ‘पेरिडिनियम’ तंतुमय नव्हता. तो कशाभिकांच्या साहाय्याने पोहणारा एकपेशीय जीव होता.

विषाचा शोध तर निराळ्याच रंगातून लागला. १८७८ साली जॉर्ज फ्रान्सिस ह्यांनी दक्षिण ऑस्ट्रेलियातील अलेक्झांड्रिना सरोवरावरील हिरव्या सायीमुळे गुरे दगावल्याचे नोंदविले. ती साय ‘नोड्युलॅरिया’ ह्या तंतुमय जीवाची होती. हाच जीव बाल्टिक समुद्रातही विषारी थर निर्माण करतो. हवाई बेटांवर १८५८ नंतर शंभर वर्षांनी, १९५८ साली, समुद्रस्नान करणाऱ्यांच्या त्वचेचा दाह झाला. त्याचे कारण ‘लिंग्बिया’ हा तंतुमय जीव ठरला. त्यातील एक विषद्रव्य १९७९ साली वेगळे करण्यात आले.

गोव्याच्या समुद्रातील ट्रायकोडेस्मियमच्या बहराचा अभ्यास देवसी, भट्टतिरी व कासिम ह्यांनी १९७८ साली प्रसिद्ध केला. हा जीव हवेतील नत्र बांधून समुद्राचे पोषणही करतो. तेव्हा लाल पाणी दिसताच ते विषारी मानणे जितके चुकीचे, तितकेच हिरवे पाणी निर्धोक मानणेही चुकीचे होय.

ह्या जीवांच्या पेशींत केंद्रक नसल्याने १९७० नंतर त्यांची गणना जीवाणूंत रूढ झाली. मराठीत मात्र ‘नीलहरित शेवाळ’ हेच नाव अद्याप वापरात आहे. प्रथम पाहणाऱ्यास काय दिसले, एवढेच नाव सांगते. विष आहे की नाही, हे रासायनिक परीक्षेनेच ठरवावे लागते.