सनद आणि शिक्षा

परवाना देण्यापूर्वी माणसाचे पूर्वचारित्र्य तपासावे, ही कल्पना वकिलीच्या पेशाला नवी नाही. मात्र दोष कशाला म्हणायचे, हे तपासणाराच ठरवतो. १९०९ साली लंडनच्या इनर टेंपलने श्यामजी कृष्णवर्मांचे नाव पटावरून काढले. कोणत्याही न्यायालयाने शिक्षा दिलेली नसताना वृत्तपत्रातले लेखन त्यासाठी पुरेसे ठरले. त्याच वर्षी ग्रेज इनने सावरकरांना बॅरिस्टरकी नाकारली. १९२२ मध्ये राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झालेल्या गांधींचेही नाव इनर टेंपलने कमी केले. वकिली त्यांनी आधीच सोडली होती, त्यामुळे त्यांचे काही अडले नाही. अडते ते अशिलाचे. आणि जो वकील उभाच राहू शकला नाही, त्याची नोंद कुठल्या दप्तरात असणार?

स्वतंत्र भारताच्या १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमात १९७३ साली कलम २४अ आले. ‘नैतिक अधःपतना’च्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यास सनद मिळत नाही, सुटकेनंतर दोन वर्षांनी ही अपात्रता संपते. हा उदारपणा मला महत्त्वाचा वाटतो. अर्थात, नैतिक अधःपतन म्हणजे नेमके काय, याची व्याख्या अधिनियमात नाही.

गांधींचे नाव इनर टेंपलच्या पटावर १९८८ साली परत आले. श्यामजींचे आले २०१५ मध्ये, त्यांच्या निधनानंतर ८५ वर्षांनी.