ताण, विषाद आणि नव्या मज्जापेशी

सोलापूरच्या विणकराचा ‘ताणा’ म्हणजे मागावरील उभे सूत. त्याच कुळातील ‘ताण’ हा शब्द आता मनाच्या अवस्थेलाही लागला आहे. या ताणाचा मेंदूतील पेशींच्या उत्पत्तीशी संबंध काय, या प्रश्नाच्या इतिहासात मुंबईचा उल्लेख दोनदा करावा लागतो.

१९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील सर्पगंधेच्या गुणाचा अभ्यास ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला. १९५२ मध्ये तिच्या मुळीतून रेसर्पिन वेगळे करण्यात आले. ते घेणारे काही रुग्ण विषण्ण होतात असे वैद्यांच्या ध्यानी आले. ते मेंदूतील सेरोटोनिनचा साठा रिता करते, हेही लवकरच दिसले. या निरीक्षणाला दिलेले महत्त्व पुढे अवाजवी ठरले. तथापि विषाद म्हणजे रसायनाची न्यूनता, या विचाराला त्याने बळ दिले. अडचण अशी की, औषध सेरोटोनिन काही तासांत वाढविते, पण रोग्यास उतार पडावयास आठवडे लागतात.

प्रौढ मेंदूत नवी मज्जापेशी जन्मत नाही, हे मत रामोन इ काहाल यांच्या अधिकाराने दृढ झाले होते. जोसेफ आल्टमन व गोपाल दास यांनी १९६५ मध्ये उंदरांच्या हिपोकॅम्पसमध्ये अशा पेशी दाखविल्या. विद्वानांनी त्यांकडे दोन तपांहून अधिक काळ पाठ फिरविली. प्रमाणग्रंथातील वाक्य प्रयोगाहून बलवत्तर ठरणे, हे काही केवळ शरीरशास्त्रातच घडते असे नव्हे. १९९० नंतर एलिझाबेथ गूल्ड यांनी ताणामुळे ही उत्पत्ती घटते असे दाखविले. २००० मध्ये येल येथे रोनाल्ड ड्यूमन यांच्या प्रयोगशाळेत विषादावरील औषधांनी ती वाढते असे आढळले. नव्या पेशीसही परिपक्व व्हावयास आठवडेच लागतात. तेव्हा जुन्या अडचणीचे उत्तर सापडलेसे वाटले.

ते इतके सरळ नाही, हे मुंबईतील कार्यानेच दाखविले. ड्यूमन यांच्याकडे डॉक्टरेट केलेल्या विदिता वैद्य टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हा विषय घेऊन बसल्या. त्यांच्या गटाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उंदरांची पिले रोज काही वेळ आईपासून दूर ठेवली होती. तरुणपणी या पिलांत नव्या पेशी घटण्याऐवजी वाढल्या. मध्यम वयात मात्र त्या घटल्या आणि स्मृतीही मंदावली. म्हणजे पेशींची संख्या हे मनःस्थितीचे माप नव्हे. ताण कोणत्या वयात झाला आणि पाहणी कोणत्या वयात केली, हेही विचारात घ्यावे लागते.

मनुष्याविषयी तर मूळ गोष्टीवरच वाद झाला. २०१८ मध्ये एका गटाला प्रौढांच्या हिपोकॅम्पसमध्ये नव्या पेशी आढळल्या नाहीत. त्याच वर्षी दुसऱ्या गटाला त्या वृद्धांतही आढळल्या. २०२५ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी प्रौढ मेंदूत त्यांच्या जनकपेशी दाखविल्या, पण काही व्यक्तींत त्या जवळजवळ नव्हत्याच.